माहेरच्या नावांची फाईल

हे सगळं घडलं दोन हजार तेवीस साली, जानेवारीच्या सात तारखेपासून फेब्रुवारीच्या सोळा तारखेपर्यंत. साल आधीच सांगून टाकते, कारण आमचे बारामतीचे शेजारी संभाजीराव हे प्रकरण बावीस सालचं असल्याचं सगळ्यांना सांगत असतात. ते जगातल्या सगळ्या घटना स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या अशा लावतात, आणि त्या ऑपरेशनचं साल त्यांच्या स्वतःच्याच लक्षात नाही. माझ्या आहे. मी एकतीस वर्षं हायस्कूलवर इतिहास-भूगोल शिकवला. सनावळीत मला सहसा कुणी पकडत नाही. या गोष्टीत मी पकडले गेले ती दुसऱ्याच बाबतीत.

सात जानेवारीला सकाळी कोऱ्हाळे बुद्रुकहून कौसल्यावन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या चुलत बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागतो.

"वैनी, आवो सोनमला पोरगी झाली!"

सोनम त्यांची नात. पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती.

"अगंबाई! दोघी बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या हायत. आता तेवढं नाव काडा."

मी फोन कानापासून आणखी वीतभर लांब धरला.

नाव कुठलं, ते सांगायला हवं. आमच्याकडे पूर्वी लग्न झालं की सुनेचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, आणि त्या घडीपासून माहेरची मुलगी संपली. माझंही बदललं. पण मी निदान शाळेत गेलेली. जुनं नाव दाखल्यावर तरी राहिलं. दाखलाच नसलेल्या बायकांचं काय? दोन हजार तीन साली माझ्या डोक्यात आलं की ही नावं लिहून ठेवावीत. शेळगावच्या पलीकडे आमच्या सासरची वस्ती आहे. तिथल्या आणि आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या, जिवंत आणि गेलेल्या, चारशे बारा बायकांची माहेरची नावं मी दोन वर्षं रविवारी हिंडून वह्यांत उतरवली. यजमान तेव्हा नुकतेच पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांनी संगणकाचा कोर्स केला होता. निवृत्त माणसाला कोर्स आणि बायकोला वह्या, हा योग वाईट. त्यांनी ती सगळी नावं संगणकात चढवली. त्यासाठी एक खास सॉफ्टवेअर घेतलं, त्यात रकाने पाडले, पहिल्या पानावर गुलाबाचं चित्र टाकलं.

वह्यांना पुढे वाळवी लागली. "सगळं कॉम्प्युटरात आहे की," असं म्हणून मी त्या पाण्याच्या बंबात घातल्या. पाणी छान कढत झालं होतं, हेही मला आठवतं.

कौसल्यावन्सं त्या वस्तीवरच्याच माहेरवाशीण. त्या अडीच वर्षांच्या असताना त्यांची आई गेली. आईचा फोटो नाही, लुगडं नाही, जोडवं नाही. सासरी ठेवलेलं लक्ष्मी हे नाव तेवढं माहीत. पण त्या घरात त्या काळी तीन लक्ष्म्या होत्या, त्यामुळे वन्संना ते नाव आईचं असं कधी वाटलंच नाही. आईचं माहेर कळंब. तिच्या माहेरच्या नावाची माहिती एकाच बाईला होती: बानूबाई. त्या मूळच्या कळंबच्या, वन्संच्या आईच्या मैत्रीण, लग्न होऊन त्याच वस्तीवर आलेल्या. बानूबाईंनी दोन हजार चार साली ते नाव मला सांगितलं, मी लिहिलं, आणि त्याच वर्षी बानूबाई गेल्या.

मला ते नाव आठवत नव्हतं. चारशे बारांमधलं एक! पण डिसेंबरात सोनमच्या डोहाळजेवणात वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मुलगी झाली तर माझ्या आयचं नाव ठिवायचं. पर त्ये ठावं कुणाला?" तेव्हा मी हातातली पुरणपोळी खाली ठेवून म्हणाले, "मला आहे. कॉम्प्युटर लावला की मिनिटात काढून देते."

मिनिटात. चारचौघींत. आणि एका बाईने कौतुकाने माझ्या पोळीवर तूपही वाढलं.

"बाराव्याला न्हाय जमलं तर सव्वा म्हयन्याला बारसं करू," वन्सं फोनवर म्हणाल्या. "सोनमची सासू व्हय म्हनलीया. पोरीच्या आत्यानं एक नाव ठरिवलंय, पर ती म्हनली, आजींच्या आयचं मिळालं तर त्येच ठिवू. आता समदं तुमच्यावर हाय, मास्तरीणबाई."

वन्सं मला 'मास्तरीणबाई' म्हणतात तेव्हा त्या एक तर खूष असतात, नाही तर दम देत असतात. तेव्हा दोन्ही होतं.

यजमान दोन हजार एकवीस साली गेले. वर्षश्राद्धाला आमच्या भागात गेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी द्यायची पद्धत आहे. कुणी शाळेला पंखे देतं, कुणी देवळाला घंटा. मी यांचा संगणक वस्तीवरच्या शाळेला दिला. देण्याआधी पडद्यावरचं ते गुलाबाचं चित्र मी स्वतः ओढून पेनड्राइव्हमध्ये घातलं होतं. स्वतः! त्या दिवशी मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

तर तो पेनड्राइव्ह मी आता लेकाने पाठवलेल्या नव्या लॅपटॉपला लावला आणि गुलाबावर दोनदा टिचकी मारली. लॅपटॉपने विचारलं, ही फाईल कशात उघडू? मला काय ठाऊक? मी संभाजीरावांना हाक मारली. ही माझी दुसरी चूक. पहिली कोणती, ते मला अजून कळायचं होतं.

संभाजीराव सोसायटीत सचिव होते, त्यामुळे कुठल्याही कुलपाची किल्ली आपल्याकडे असते अशी त्यांची ठाम समजूत आहे. त्यांनी ती फाईल फोटो बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिली, गाणी ऐकायच्या पाहिली, हिशेबाच्या तक्त्यात पाहिली. शेवटी साध्या मजकुराच्या खिडकीत ती उघडली आणि पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि चिनी दिसणारी अक्षरं आली.

"आलं की!" संभाजीराव म्हणाले.

"अहो, हे वाचायचं कसं?"

"ते नंतर बघू. उघडलं का नाही, ते सांगा."

मग ते म्हणाले की फाईलच्या नावाला मागे एक शेपूट असतं, ते बदललं की फाईल सरळ होते. त्यांनी शेपूट बदललं. लॅपटॉपने बजावलं की असं केलं तर फाईल निकामी होऊ शकते. "कंपन्या घाबरवतात," असं म्हणून त्यांनी 'होय' दाबलं. फाईल आधीपेक्षा जास्त उघडेना. आधीचं शेपूट काय होतं, ते दोघांच्याही लक्षात नव्हतं. तेव्हा त्यांनी पेनड्राइव्ह रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितला. त्यांच्या सुनेचा पाण्यात पडलेला मोबाईल तांदळाने बरा झाला होता. सांगायला लाज वाटते, पण मी ठेवला. चांगला इंद्रायणी तांदूळ होता.

अशात अकरा दिवस गेले. बारावं हुकलं.

शेवटी एसटी स्टँडामागे यशराजचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे गेले. पस्तिशीचा, पोट सुटलेला, चष्म्याचा गृहस्थ. मला बघताच उठून उभा राहिला.

"बाई, ओळखलं नाही ना? भिगवण नकाशात समुद्रकिनारी दाखवलं म्हणून तुम्ही मला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं होतं."

"तू होय तो! अरे, भिगवण आणि समुद्र?"

"उजनीचं पाणी दिसत होतं बाई. पक्षीपण होते."

मी शिक्षा केलेली बरीचशी मुलं आज माझ्या गरजेच्या जागी बसलेली आहेत. बँकेत एक आहे, गॅस एजन्सीत दोन. शिक्षकांनी या गोष्टीचा वेळेवर विचार करायला हवा.

यशराजने पेनड्राइव्ह हातात घेतला, नाकाजवळ नेला. "बाई, ह्याला हळद-कुंकू कुणी लावलं?"

"खंडेनवमीला. मी."

"आणि हा आत तांदूळ?"

"ते संभाजीराव."

त्याने पेनड्राइव्ह टेबलावर आपटून तांदूळ पाडला. ब्रशने साफ केलं, फाईलचं शेपूट परत जागेवर बसवलं, एका जुन्या संगणकावर जुनं सॉफ्टवेअर चढवलं. त्याला चार दिवस लागले, कारण त्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी कुणाकडेच नव्हती आणि ती शेवटी इंदापूरच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कॅरम बोर्डाखाली टेकू म्हणून सापडली. आणि एके दुपारी त्याचा फोन आला, "बाई, या. गुलाब उघडला."

मी रिक्षाने गेले. पडद्यावर पानभर गुलाब होता, त्याखाली यांनी लिहिलेलं 'आपले स्वागत आहे'. दोन वर्षांनी कुणी दार उघडल्यासारखं वाटलं. खाली 'नावे पाहा' असं बटण होतं. यशराजने ते दाबलं.

इंग्रजीत एक ओळ आली.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, डी ड्राइव्हवरची माहितीची फाईल सापडत नाही." यशराजने चष्मा काढून पुसला. "बाई, साहेबांनी दोन फायली केल्या होत्या. एक ही, दिसायची. दुसरीत नावं. तुम्ही फक्त दार उचलून आणलंय. घर तिकडंच राहिलं."

"तिकडे म्हणजे?"

"जुन्या कॉम्प्युटरमध्ये."

म्हणजे माझी पहिली चूक ती. श्राद्धाला मी जो दान केला, त्यात.

शाळा दोन शिक्षकी. मुख्याध्यापक युवराज सर, अत्यंत सज्जन माणूस, आणि माझ्या अनुभवाने सज्जन माणसाकडून काम करून घेणं सगळ्यात अवघड. पहिल्या खेपेला मी गेले तर ते इंदापूरला बैठकीला गेलेले आणि कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात. जाताना उसाच्या ट्रॅक्टरांमागे दीड तास, येताना त्याच ट्रॅक्टरांच्या रिकाम्या ट्रॉल्यांमागे एक तास. दुसऱ्या खेपेला ते होते. देणगीदार आले म्हणून त्यांनी वर्ग थांबवले, मला शाल घातली, मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी मुलांना भूगोलाचं महत्त्व सांगितलं. खाली बसल्यावर म्हणाले, "सर, तो संगणक जरा लावता का?"

सरांचा चेहरा पडला. "बाई, संगणक व्यवस्थित आहे. एकदाही वापरलेला नाही."

"एकदाही?"

"देणगीची वस्तू. मुलांनी बिघडवली तर तुम्हाला काय उत्तर देणार?" त्यांनी कपाट उघडलं. आत यांचा संगणक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, वर वाळका झेंडूचा हार. आणि पंख्याच्या पात्यावर लिहितात तसं समोरच्या बाजूला लाल ऑइलपेंटने यांचं नाव, 'यांच्या स्मरणार्थ', माझं नाव. पेंटरने जागा पुरली नाही म्हणून माझं नाव चालू करायच्या बटणावरून नेलं होतं.

"तर मग लावू या की आता."

"तसं नाही बाई. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला घेतलीय. आता ती शासनाची. बाहेरच्या व्यक्तीला हाताळायला द्यायची म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो."

"मी बाहेरची?"

सर इतके कासावीस झाले की मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

समितीचे अध्यक्ष ऊसतोडीत, दोन सदस्य एका लग्नात, एक सदस्य नुसत्याच रुसलेल्या. सभा तीनदा तहकूब झाली. इकडे कोऱ्हाळ्याहून रोज फोन. "वैनी, मिनिट संपलं का?" एवढंच विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. शेवटी चौदा फेब्रुवारीला ठराव झाला. त्याची नक्कल माझ्याकडे आहे: 'श्रीमती राजेश्वरी यांनी आपल्या यजमानांच्या स्मरणार्थ शाळेस दिलेल्या संगणकात त्यांच्या यजमानांनी ठेवलेली त्यांचीच फाईल पाहण्यास समितीची हरकत नाही.' खाली सूचक, अनुमोदक, 'ठराव सर्वानुमते मंजूर'. नोकरीच्या एकतीस वर्षांत माझ्याबद्दल असं एकमत कधी झालं नव्हतं.

बारसं सोळाला, दुपारी बाराला.

सोळाला सकाळी यशराज दुकान बंद ठेवून स्वतःच्या गाडीतून मला घेऊन निघाला. वस्तीवर त्या आठवड्यात लाईट दहानंतर यायची. आम्ही साडेनवाला पोचून अंगणात बसलो. दहा वाजले, सव्वादहा, साडेदहा. वन्संचा फोन.

"वैनी, पाव्हनं आलं. पाळना बांधला."

"लाईटची वाट बघतोय, वन्सं."

"बघा. आमी पोरीची वाट बघून ऱ्हायलो, तुमी लाईटची बघा."

पावणेअकराला लाईट आली. बटण रंगाने घट्ट बसलेलं. यशराजने पेचकसाने माझ्या नावातलं 'श्व' खरवडलं तेव्हा कुठे ते दाबलं गेलं. सगळे जमले होते: सर, दुसऱ्या बाई, खिचडी करणाऱ्या साखरबाई, आणि दारात दोन्ही वर्ग. पडदा उजळला. यशराजने डी ड्राइव्ह उघडला. फाईल होती! त्याने टिचकी मारली.

परत इंग्रजी ओळ. या वेळी यशराज पडद्याला नाक लावून ती वाचू लागला.

"काय म्हणतंय रे?"

"बाई..." त्याने सरांकडे पाहिलं. "म्हणतंय, फाईल सध्या दुसरे कुणीतरी वापरत आहेत. म्हणून उघडता येत नाही."

"कोण वापरतंय?" सर म्हणाले. "कपाटाची किल्ली तर माझ्याकडं असते."

यशराजने बोट ठेवलं. मी पुढे होऊन वाचलं. इंग्रजी अक्षरांत यांचं नाव होतं. विजयसिंह. ते नाव मी आयुष्यात उखाण्याबाहेर कधी तोंडाने घेतलं नाही, तेव्हाही घेतलं नाही. पण दारातल्या एका मुलीने मोठ्याने वाचलं, आणि साखरबाईंनी पटकन पदर डोक्यावर घेऊन हात जोडले.

"बाई, नारळ फोडायचा का?" त्यांनी हळूच विचारलं.

यशराजने सगळ्यांना समजावलं. कुणी फाईल उघडली की संगणक शेजारी एक छोटी फाईल ठेवतो, अमुक माणूस आत आहे म्हणून. बाहेर पडताना ती आपोआप पुसली जाते. नीट बंद न करता वीज गेली तर राहते.

"साहेबांनी शेवटी कधी उघडली असेल?" त्याने विचारलं.

मला माहीत होतं. त्या दिवशी हे संगणकापुढेच बसले होते. "जरा उठतो," म्हणाले, आणि उठले ते छाती धरून. रिक्षा आली, आम्ही गेलो. दोन दिवसांनी मी एकटीच घरी आले तर पडदा तसाच चालू. नीट बंद कसा करायचा हे मला येत नव्हतं आणि विचारायचं कुणाला? मी भिंतीवरचं बटण बंद केलं. त्यानंतर तो एकदाच लावला, गुलाब ओढून घ्यायला. तेव्हाही बटणानेच बंद केला.

"ही छोटी फाईल पुसली की उघडेल," यशराज म्हणाला. "मग थोडी दुरुस्ती. पुसू?"

साडेअकरा झाले होते. फोन वाजत होता. खरं सांगते, माझ्याने 'हो' म्हणवेना. कागदोपत्री हे अजून आत बसलेले होते, काम करत होते, आणि हा मुलगा त्यांना उठवायला निघाला होता. मी भिंतीवरच्या महाराष्ट्राच्या नकाशाकडे बघत उभी राहिले. शेवटी साखरबाई म्हणाल्या, "पुसू द्या बाई. मानसाला जागा सोडावीच लागती."

यशराजने पुसली. दुरुस्तीची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. बाराला पाच कमी असताना रकाने उघडले. एकामागून एक नावं. सगळ्या जणी होत्या. मी 'लक्ष्मी' शोधायला सांगितलं. नऊ आल्या. माहेर कळंब, एक. नोंद क्रमांक दोनशे बारा.

आणि फोन परत वाजला. हा उचलायलाच हवा होता. वन्संनी स्पीकर लावलेला. मागे बायकांचा कलकलाट, कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केलेली.

"वैनी! गावलं का? बाळाच्या कानाशी वाकून बसल्यात समद्या. बोला!"

माझ्यासमोर पडद्यावर, मीच सांगितलेलं आणि यांनीच टाइप केलेलं, स्वच्छ अक्षरांत होतं.

माहेरचं नाव: नकोशी.

मी ते दोनदा वाचलं. यशराजने वाचलं. सरांनी वाचलं आणि मान खाली घातली.

"वैनी? ऐकू येतंय का? वैनी!"

"वन्सं," मी म्हणाले, "फाईल उघडलीच नाही हो. ठेवा तुम्ही आत्याने ठरवलेलं नाव."

 मग वन्सं इतरांना म्हणाल्या, "मशीन बिगाडलंय. ठिवा तुमचं." आणि फोन चालूच राहिला. बायकांनी बाळाच्या कानात कुर्रर केलं, कुणीतरी हसलं, आत्या ओरडली, "वृषाली!"

मी फोन बंद केला. तेव्हा यशराज हळूच म्हणाला, "बाई, खाली शेरापण आहे."

शेऱ्याचा रकाना यांचा हट्ट. प्रत्येक नोंदीला हवा म्हणायचे, सरकारी सवय. त्यात होतं: 'पाचवी मुलगी म्हणून हे नाव. तिच्या आईने घरात हाक मारायचं नाव वेगळं ठेवलं होतं, बानूबाईंना माहीत आहे. पुढच्या खेपेला विचारणे.'

सगळं आठवलं मग. मार्च दोन हजार चार. बानूबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्ये काय नाव हाय व्हय? आय तिला येगळ्याच नावानं हाक मारायची. सांगते, बस की, च्या घे." आणि मी घड्याळ पाहिलं. पाचची एसटी होती, घरी दहावीचे पेपर तपासायचे होते. म्हणाले, पुढच्या रविवारी येते. पुढच्या रविवारी पेपर होते, त्याच्या पुढच्या रविवारी कुणाचा तरी साखरपुडा. श्रावणात बानूबाई गेल्याचं कळलं, तेव्हा मी हळहळले. नावासाठी नव्हे, ते विसरूनच गेले होते.

लॅपटॉप, पेनड्राइव्ह, डेडस्टॉक, ठराव, लाईट. सव्वा महिना मी ज्यांना ज्यांना दोष दिला त्यांपैकी कुणाचाच काही दोष नव्हता. फाईल सगळी शाबूत होती. जे मी तिच्यात घातलंच नव्हतं, ते तिच्यातून कसं निघणार?

आठ दिवसांनी मी कोऱ्हाळ्याला गेले आणि वन्संना खरं सांगितलं. माहेरचं नाव सांगितलं, मी खोटं बोलले ते सांगितलं, शेराही वाचून दाखवला. त्या गोधडी शिवत होत्या. बराच वेळ सुई चालू राहिली.

"पुडच्या खेपंला विचारनं," त्या म्हणाल्या. "शाळंत पोरांनी असा गृहपाठ दाखिवला आसता तर काय केलं आसतं वो, मास्तरीणबाई?"

"बाकावर उभं केलं असतं."

"मग?"

मी खरंच उठून उभी राहिले. विनोद म्हणून नव्हे; बसून राहवेना. त्या हसल्या नाहीत, बस म्हणाल्या नाहीत. धागा संपला तेव्हा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "तिला कुनीतरी हाक मारत हुतं म्हना की. ल्योक पायजे हुता त्या घरात, आन तरी मारत हुतं." मग सुई माझ्याकडे देत म्हणाल्या, "दोरा ववून द्या. मला दिसत न्हाय."

त्यानंतर कोणाचं काय झालं, ते सांगते.

युवराज सरांची पुढच्या जूनमध्ये बदली झाली. जाण्याआधी त्यांनी संगणक मुलांसाठी बाहेर काढला. त्यासाठी परत ठराव करावा लागला. साखरबाई अजून खिचडी करतात. आपली आजी त्या फाईलमध्ये आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे, एकशे सत्तावीस, चंपा. संभाजीरावांनी दुसराही गुडघा बदलून घेतला. शेपूट बदलल्यामुळेच फाईल मोकळी झाली, असं ते डॉक्टरांनाही सांगून आले. यशराजने चारशे बारा नावांच्या तीन छापील प्रती काढून दिल्या आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आता तो दुकानात सीसीटीव्हीही विकतो. सोनम सासरी इंदापूरला आहे, वृषाली अंगणवाडीत जाते आणि कुठल्याही नावाने हाक मारली तरी ओ देते.

मी त्या फाईलमध्ये रिकाम्या राहिलेल्या जागा भरायला दोन पावसाळे हिंडले. पुढच्या खेपेला विचारणे असं तेवीस ठिकाणी लिहिलेलं निघालं. चौघींचं मिळालं. बाकीच्यांना विचारायला कुणी उरलेलं नाही.

वन्सं ऐंशीच्या झाल्या. दिसत नाही, ऐकू येतं. मी गेले की चहा झाल्यावर हळूच एखादं नाव पुढे करतात. मागच्या खेपेला म्हणाल्या, "ठकू म्हनत आसतील का वो?" त्याच्या आधी "मैना". त्याच्या आधी एकदा "हौसा".

"असेल," मी म्हणते.

"न्हाय," त्या थोडा वेळ ऐकल्यासारखं करून म्हणतात. "ही न्हाय वाटत."